फोटोआधीचा चेहरा: पिठापासून सनस्क्रीनपर्यंत



या व्याख्यानासाठी आयोजकांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक विषय आणि दुसरा फोटो. विषय मी लगेच कळवला, 'प्रतिमा आणि सत्य'. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असला विषय झोपेतही सुचतो. फोटोचं मात्र अडलं. माझ्याकडे होता तो निवृत्ती समारंभातला, गळ्यात हार असलेला. या वयात हार घातलेला फोटो छापायला देऊ नये, असं घरच्यांचं मत पडलं. (हशा) तेव्हा स्टुडिओत जाणं आलं.

तिथली फोटोग्राफर मुलगी पंचविशीतली. तिनं दोन दिवस आधी मोबाइलवर सूचना पाठवल्या. रात्री झोप नीट घ्या. कोणतंही नवीन क्रीम लावून बघू नका. फेशियल करायचं असेल तर आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. सकाळी चेहरा धुऊन साधं मॉइश्चरायझर लावा आणि ते मुरायला वीस मिनिटं द्या. सनस्क्रीन लावून येऊ नका. आणि शेवटची ओळ अशी होती: 'सर, पावडर अजिबात नको.'

ही शेवटची ओळ वाचून मी थबकलो. कारण माझ्या लहानपणी फोटो म्हणजे पावडर. फोटोला जायचं म्हटलं की आई आधी तोंड खसखसून धुवायची, मग स्नो, मग पावडर. गालावर, मानेवर, कानामागे. आम्ही भावंडं स्टुडिओत पोचायचो ती नुकतीच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जी गोष्ट केल्याशिवाय फोटो निघत नव्हता, तीच आज करू नका म्हणून सांगतात. चेहरा तर तोच आहे. मग बदललं काय? या प्रश्नाच्या मागे मी लागलो आणि 'प्रतिमा आणि सत्य' बाजूला राहिलं. म्हणजे खरं तर बाजूला राहिलेलं नाही, ते आज सनस्क्रीन लावून तुमच्यासमोर आलेलं आहे.

आता इतिहासाकडे वळू. लुई दागेर यांची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ च्या ऑगस्टमध्ये. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला आयोडीनची वाफ आणि मग पाऱ्याची वाफ. सुरुवातीला या पत्र्याला प्रकाश पुरायला कितीतरी मिनिटं लागायची. इमारती स्थिर उभ्या राहतात, त्यामुळे इमारतींची चित्रं छान येत. माणसाची पंचाईत. न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक माणसांचे फोटो काढण्याच्या खटपटीत होते. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी काय केलं असेल? समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला पीठ फासलं. हिशेब सरळ होता. चेहरा जितका पांढरा तितका जास्त प्रकाश परत येणार आणि तितका कमी वेळ लागणार. म्हणजे फोटोसाठी चेहरा 'तयार' करण्याची सुरुवात सौंदर्यासाठी झालेली नाही. यंत्र कमी पडत होतं आणि ती उणीव माणसाच्या कातडीनं भरून काढायची होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे वारंवार लागणार आहे.

पिठाशिवायही काम होतं हे ड्रेपर यांच्या लवकरच लक्षात आलं. १८४० मध्ये त्यांनी आपली बहीण डोरोथी हिचा जो फोटो काढला, त्याला सुमारे एक मिनिट लागलं. भर उन्हात एक मिनिट डोळे उघडे ठेवून बसायचं! त्यावरही त्यांची युक्ती होती. ऊन निळ्या काचेतून आत घ्यायचं. डोळ्यांना त्रास कमी आणि पत्र्याला काहीच फरक नाही. का नाही? कारण त्या पत्र्याला मुळात निळाच उजेड कळत होता. आजच्या विषयाची किल्ली या निळ्या काचेत आहे.

जरा सावकाश सांगतो. आपला डोळा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग बघतो, त्यातही पिवळा-हिरवा त्याला सगळ्यांत उजळ वाटतो. चांदीच्या क्षारांचं तसं नाही. सिल्व्हर आयोडाइडवर परिणाम होतो तो निळ्या, जांभळ्या आणि त्याही पलीकडच्या, आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा. तांबडा, नारिंगी, पिवळा हे रंग त्याच्या लेखी अंधार. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कलोडियनची ओली काच आणली. तिनं वेळ कमी केला, खर्च कमी केला, एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. पण निळ्याखेरीज काही न दिसण्याचा तो आंधळेपणा तसाच राहिला.

परिणाम काय झाला बघा. निळे डोळे फोटोत पांढरट दिसायचे, जणू आंधळ्याचे. निळं कापड पांढरं यायचं. तांबडा कोट काळा यायचा. गोऱ्या कातडीवरचे वांग आणि ठिपके, जे समोरून बघताना जाणवतही नाहीत, ते काचेवर शाई शिंपडल्यासारखे उमटायचे. कारण कातडीतलं काळं रंगद्रव्य निळा आणि अतिनील प्रकाश फार शोषतं, आणि रक्ताचा तांबडा रंगसुद्धा निळ्याला गिळतो. म्हणून तारुण्यपीटिका, नाकाचा लाल शेंडा, चेहऱ्यावरची तांबूस झाक, सगळं काळं.

आता हे तंत्र आपल्याकडे आलं तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. फार उशीर झाला नव्हता हो. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, कलोडियनच्या शोधानंतर फक्त तीन वर्षांनी. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते आणि चांगले फोटोग्राफर होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत धंद्याचा स्टुडिओ चालवला. समजा अशा एखाद्या स्टुडिओत एक सुवासिनी आली. नवऱ्याच्या हट्टावरून आली असणार, स्वतःहून नव्हे. सणाचा दिवस. अंगाला हळद लागलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, लाल काठाची साडी. आरशात बघाल तर लक्ष्मी. आणि काच काय बघते? हळदीचा पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, म्हणजे काचेला हळद लागलेला चेहरा काळवंडलेला दिसणार. कुंकू काळं दिसणार. काठ काळे दिसणार. आपल्या परंपरेनं उजळपणासाठी आणि मांगल्यासाठी जे जे अंगावर चढवलं, ते ते सगळं त्या काचेनं काळं करून ठेवलं.

तुमच्या घरी पणजीचा फोटो असेल तर आज जाऊन बघा. कपाळावरचं कुंकू काळं आहे. आपण इतकी वर्षं ते बघत आलो, कोणाला काही वाटत नाही. मी विद्यार्थ्यांना विचारायचो, 'हे कुंकू कोणत्या रंगाचं?' सगळे म्हणायचे, 'लाल.' डोळ्यांसमोर काळं असताना लाल म्हणायचे! बघणं म्हणजे नुसतं डोळ्यांचं काम नाही, हे समजावून सांगायला मला दुसरं उदाहरण कधी लागलं नाही.

पण कातडीच्या बाबतीत आपण ही दुरुस्ती मनातल्या मनात करत नाही. इथे खरी मेख आहे. कुंकू लाल असणार हे आपल्याला माहीत असतं. पणजीचा रंग कोणता होता हे माहीत नसतं. त्यामुळे फोटोत ती काळी दिसली तर आपण म्हणतो, 'पणजी काळी होती हं.' सावळ्या, गव्हाळ कातडीतून निळा प्रकाश थोडाच परत येतो, म्हणून त्या काचांवर आपली माणसं प्रत्यक्षाहून गडद उमटली. आधीच गोऱ्या रंगाचं वेड असलेला आपला समाज. त्याच्या हातात असं यंत्र आलं की जे प्रत्येकाला दोन छटा काळं करून दाखवतं आणि वर म्हणतं, 'मी खोटं बोलत नाही, मी सूर्याच्या हातचं चित्र आहे.' मग लोकांनी पावडर फासली तर नवल काय? गोऱ्या रंगाचं वेड फोटोनं निर्माण केलं असं मी म्हणत नाही, ते फार जुनं आहे. पण फोटोनं त्याला पुरावा दिला. खोटा पुरावा, पण पुरावा.

युरोपातही लोक आपापले फोटो बघून हिरमुसत होतेच. त्यावर तोडगा निघाला तो काचेवरच कारागिरी करण्याचा. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो मांडले, एक जसा निघाला तसा आणि दुसरा निगेटिव्हवर हात फिरवलेला. लोक थक्क झाले. त्यानंतर हा हात फिरवणारा माणूस प्रत्येक स्टुडिओचा कणा झाला. आपल्याकडे त्या कामाला 'टचिंग' म्हणतात. खिडकीपाशी उतरतं मेज, त्याला काच, खालून आरशानं उजेड, डोक्यावर काळं फडकं, आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल. सुरकुती निगेटिव्हवर फिकट रेघेसारखी दिसते, ती पेन्सिलीनं भरली की छापील फोटोत नाहीशी होते.

एका बाईंनी मात्र यात भाग घेतला नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हातात कॅमेरा आला. त्यांच्या फोटोंत टेनिसन, हर्शेल अशी मोठी मंडळी आहेत. चेहरे सुरकुत्यांसह, केस विस्कटलेले, काचेवर ओरखडे, बोटांचे ठसेसुद्धा. धंदेवाईक लोकांनी त्यांची टर उडवली. हर्शेल यांचा तो फोटो जरूर बघा. फोटोसाठी चेहऱ्याची काय तयारी केली असं विचाराल तर ऐकिवात आहे ते एवढंच, की बाईंनी त्यांना डोकं धुवायला लावलं, म्हणजे पांढरे केस नीट फुलतील. मला ही तयारी पटते.

पुढची पायरी हेर्मान व्होगेल यांची. १८७३ मध्ये बर्लिनच्या या प्राध्यापकांना आढळलं की चांदीच्या क्षारात विशिष्ट रंग मिसळला तर ते पिवळा-हिरवा उजेडही ओळखू लागतात. या काचांना नाव पडलं 'ऑर्थोक्रोमॅटिक'. ग्रीकमध्ये 'ऑर्थो' म्हणजे बरोबर, सरळ. बरोबर रंग दाखवणारी काच! आणि तांबडा तिला तरीही दिसत नव्हता. तत्त्वज्ञानाच्या माणसाला अशा नावांची गंमत वाटते. एक चूक दुरुस्त झाली की माणूस लगेच 'आता बरोबर झालं' अशी पाटी लावतो. हळद सुधारली, कुंकू काळंच राहिलं.

याच लाल-आंधळ्या फिल्मवर आपला सिनेमा जन्मला. दादासाहेब फाळके आधी गोध्र्यात फोटोग्राफर होते, तिथल्या प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं, हे आपल्याला माहीत असतं. पण चेहरा काचेवर कसा उतरतो याचं शिक्षण त्यांना त्या धंद्यानं दिलं, याकडे लक्ष जात नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. पुरुषाची बाई करायची, तीही तांबडं न दिसणाऱ्या फिल्मवर. रंगभूमीचा रंग इथे जसाच्या तसा चालत नाही. नाटकवाल्यांची रंगपेटी म्हणजे सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ. हे सगळं बत्तीच्या पिवळट उजेडात, लांब बसलेल्या प्रेक्षकासाठी बेतलेलं. हिंगुळानं रंगवलेला गाल कॅमेऱ्यासमोर खड्डा पडल्यासारखा दिसणार.

अमेरिकेतही हीच अडचण होती. रंगमंचावरचा जाड रंग वाळून त्याला भेगा पडत, आणि कॅमेरा इतका जवळ येतो की भेग लपत नाही. पोलंडहून आलेले विग बनवणारे मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये खास सिनेमासाठी पातळ, मऊ, लवचीक रंग बनवला. ओठांना लाल रंग लावला तर तो काळा दिसतो, म्हणून तेव्हा नटनट्या सेटवर भलत्याच रंगाच्या ओठांनी वावरत. मग तांबड्यासकट सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, १९२६-२७ नंतर ती स्टुडिओंत रुळली आणि दिव्यांचा प्रकारही बदलला. आता जुना मेकअप गडबडला. तांबडा एकदम उजळ दिसू लागला. १९२८ मध्ये फॅक्टर यांनी नव्या फिल्मसाठी नवी मालिका काढली. रंगीत सिनेमा आला तेव्हा १९३७ च्या सुमारास पॅनकेक. हे पॅनकेक फक्त पडद्यासाठी होतं, पण नट्या ते घरी घेऊन जाऊ लागल्या, आणि मग ते दुकानात आलं. रोजच्या वापरातलं फाउंडेशन, बायकांनो, हे असं फिल्मच्या गरजेतून तुमच्या पर्समध्ये पोचलं आहे. पुरुषांच्याही म्हणायला हवं आता, माफ करा.

म्हणजे चाळीसच्या दशकानंतर कृष्णधवल फिल्मला तांबडं, पिवळं, सावळं सगळं दिसत होतं. तिच्यासाठी पीठ फासायची गरज उरली नव्हती. थोडी पावडर कपाळावरचा तेलकट चकाकणारा डाग मारायला पुरे. मग माझी आई १९५८ साली आम्हाला पावडरीत का घोळवत होती? रसायन बदललं होतं, रीत राहिली होती. तोवर अफगाण स्नो घराघरात पोचला होता, मुंबईत पाटणवालांनी तो सुरू केला त्यालाही चाळीसेक वर्षं झाली होती. 'स्नो-पावडर' हा मराठीत एकच शब्द झाला होता. आणि फोटो आता यंत्रासाठी निघत नव्हता, बघणाऱ्यासाठी निघत होता.

इथे एक घरातली गोष्ट सांगतो. ताईची परवानगी घेऊन सांगतो आहे, ती आता ऐंशीच्या पुढे आहे आणि हे ध्वनिमुद्रण ऐकणार आहे.

ताई सावळी. १९६४ मध्ये तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. मुलीचा फोटो पाठवायची पद्धत तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी नुकती शिरत होती. तालुक्याच्या गावी एक स्टुडिओ होता, तिथे वडील तिला घेऊन गेले, मी शेपटासारखा मागे. फोटोग्राफर अनुभवी होते. त्यांनी ताईकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाले, 'काळजी करू नका, काम करून देतो.' आठ दिवसांनी फोटो आला. फोटोत ताई गोरी होती. चांगलीच गोरी. नाकडोळे तिचे, पण जणू दुसऱ्याच बाईला दिलेले.

हे कसं करतात ते मला फार पुढे एका टचिंगवाल्यांनी समजावलं. निगेटिव्हवर जिथे काळं, तिथे छापील फोटोत पांढरं. तेव्हा चेहरा गोरा करायचा तर निगेटिव्हवरचा चेहरा आणखी दाट करायचा. मोठ्या भागावर पेन्सिल नाही पुरत, तांबडा रंग पाण्यात कालवून ब्रशानं थरावर थर देतात. तांबड्यातून छपाईच्या कागदाला लागणारा उजेड जात नाही, कागद तिथे पांढरा राहतो. म्हणजे ताईचा चेहरा गोरा करण्यासाठी त्या माणसानं तो लाल रंगानं झाकून टाकला होता. जो लाल रंग शंभर वर्षांपूर्वी पणजीचं कुंकू काळं करत होता, तोच आता उलट्या बाजूनं नातीला गोरं करत होता. रसायनाला दोन्हीचं सोयरसुतक नाही.

फोटो बघून पुण्याची मंडळी आली. पोहे झाले. मुलाची आत्या ताईकडे बघून म्हणाली, 'फोटोत उजळ दिसत होती.' बाकी कोणी काही बोललं नाही. नकाराचं पत्र यायला चार दिवससुद्धा लागले नाहीत. वडिलांना राग आला तो फोटोग्राफरचा. आईला आत्याचा. ताईला कोणाचा आला हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मी परवा विचारलं. ती म्हणाली, 'मला त्या फोटोतल्या मुलीचा राग आला होता. ती आमच्या घरी राहत नव्हती आणि तिच्यामुळे मला नकार आला.'

मी हेगेल वाचला, सार्त्र वाचला. प्रतिमेनं माणसाला स्वतःपासून कसं तोडलं जातं यावर पानंच्या पानं शिकवली. इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नाही.

रंगीत फोटोची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही इतरत्र ऐकली असेल. रंगीत छपाईचे रंग जुळवायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुनापत्र पाठवायची, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर आली की सगळं बरोबर आलं असं समजायचं. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे मग डोळे आणि दात सोडून बाकी सपाट. दिग्दर्शक गोदार यांनी सत्तरच्या दशकात मोझांबिकमध्ये काम करताना याच कारणासाठी कोडॅक फिल्म वापरायला नकार दिला. पुढे फिल्म सुधारली. पण संशोधक लॉर्ना रॉथ यांनी दाखवलं आहे की कंपनीकडे आधी तक्रार केली ती चॉकलेटवाल्यांनी आणि फर्निचरवाल्यांनी. गडद आणि दुधी चॉकलेट फोटोत सारखंच दिसतं, सागवान आणि अक्रोडाच्या लाकडात फरक कळत नाही म्हणून! माणसांना जे मिळालं नाही ते कपाटांना मिळालं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सर्व वर्णांच्या कातडीची दखल घ्यायला तर २०२१ उजाडलं. आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीमनं नावातला 'फेअर' काढला तोही २०२० मध्ये.

आता त्या स्टुडिओतल्या मुलीकडे येऊ. तिच्या सूचनांचा अर्थ मला आता लागला होता, तरी मी तिला एकेक विचारलं, आणि तिनं कंटाळा न करता सांगितलं.

सनस्क्रीन का नको? पुष्कळशा सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ही दोन्ही पांढरी द्रव्यं, प्रकाश परतवणं हाच त्यांचा धर्म. कॅमेऱ्याजवळचा फ्लॅश उडाला की चेहरा मानेपेक्षा फटफटीत पांढरा येतो. पावडरीचंही तसंच. हल्ली जी अगदी बारीक, लावल्यावर न दिसणारी सिलिकाची पावडर मिळते, ती साध्या उजेडात दिसत नाही आणि फ्लॅशमध्ये पांढऱ्या डागांसारखी उमटते. मोठमोठ्या नट्यांचे असे फोटो निघालेत. शिवाय कॅमेरा आता इतका बारकाईनं बघतो की कोरड्या कातडीवर बसलेला पावडरीचा कण कण दिसतो. म्हणून आधी मॉइश्चरायझर. कातडी मऊ असली की वरचा रंग सारखा बसतो. चकाकी फार वाटली तर टिश्यू कागद हलकेच टेकवायचा, घासायचा नाही. फाउंडेशन लावायचंच तर रंग मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला आणि दिवसाच्या उजेडात जुळवायचा, आणि मानेशी मिळायला हवा. अभ्रकाची चमक असलेलं काही नको. भुवया कोरायच्या तर तीन-चार दिवस आधी, तांबडेपणा जाईपर्यंत. पुरुषांनी दाढी त्याच दिवशी, पण दोनतीन तास आधी.

पण तिनं एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ती म्हणाली, 'सर, तुमचा रंग सावळा आहे. सावळ्या चेहऱ्याला थोडी चकाकी लागते. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावल्यांनी कळतो, सावळ्या चेहऱ्याचा आकार उजेडाच्या रेघांनी कळतो. त्या पावडरीनं मारल्या की चेहरा सपाट आणि राखाडी दिसतो.' म्हणजे बघा, 'फोटोआधी पावडर' हा सल्ला गोऱ्या कातडीसाठी निघालेला होता. आम्ही तो दीडशे वर्षं सावळ्या तोंडांना फासत आलो, आणि वर फोटो चांगला येत नाही म्हणून तोंडालाच दोष दिला.

वेळ संपत आली आहे. चिठ्ठ्या आल्यात त्यातली एकच घेतो. एका ताईंनी विचारलंय, 'मेकअप करून फोटो काढणं ही फसवणूक आहे का? नोकरीसाठी फोटो द्यायचा आहे.'

प्लेटोला विचाराल तर तो हो म्हणेल. 'गॉर्जियस' संवादात त्याचा सॉक्रेटिस म्हणतो की व्यायाम शरीराला खरोखर चांगलं करतो आणि प्रसाधन चांगलं असल्याचा आव आणतं. स्वयंपाक्यानं वैद्याचं सोंग घ्यावं तसं. उलट बोदलेअरनं १८६३ मध्ये प्रसाधनाची चक्क तरफदारी केली. हाच बोदलेअर १८५९ मध्ये फोटोग्राफीवर तुटून पडला होता, आणि तरी नादारच्या कॅमेऱ्यासमोर बसला होता! तेव्हा थोरांकडून एकमत मिळणार नाही. माझं मत विचाराल तर मी ताईच्या कसोटीवर जाईन. त्या फोटोतली मुलगी तुमच्या घरी राहते का? डोळ्यांखालची काळी वर्तुळं थोडी झाकलीत, पुटकुळी झाकलीत, ओठांना रंग लावलात, तरी मुलाखतीला तुम्हीच जाणार आहात आणि समोरचा तुम्हाला ओळखणार आहे. रंग दोन छटा उजळ केलात तर तिथे दुसरीच कोणीतरी बोलावली गेली आहे. आणि मोबाइल हल्ली न विचारता चेहरा गुळगुळीत करतो, ती खूण आधी बंद करा. पासपोर्टच्या फोटोत असला बदल चालतच नाही.

माझा फोटो या पानावर वर दिलेला आहे. मुलीनं कपाळाला टिश्यू टेकवला, टकलाला टेकवायला आली तेव्हा मी नको म्हटलं. ते चमकलं आहे. ताईला पाठवला, तिचं उत्तर आलं: 'चष्मा पुसायचा होतास.'